समुद्रातले ओरखडे आणि भाऊबंदकी

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून सॅटेलाइट इमेज बघत पडले होते, ही माझी जुनी सवय आहे, लोक रील्स बघतात मी बेटं बघते. दक्षिण चीन समुद्रात स्कारबरो शोल म्हणून एक जागा आहे, गडद निळ्या पाण्यात फिकट हिरवट त्रिकोण, कडेने प्रवाळांची रीफ, म्हणजे प्रवाळांनीच बांधलेला पाण्यातला खडक, आणि मधे शांत लगून, म्हणजे त्या खडकाने अडवलेलं तळं. झूम करत गेले तर उथळ भागात बारीक बारीक कमानी दिसायला लागल्या, एकीला एक लागून, जणू कुणीतरी कंपासचं टोक रोवून नुसती अर्धवर्तुळं काढत सुटलंय. आधी वाटलं लाटांची नक्षी असेल, वाळू असेल, मग म्हटलं नाही, निसर्ग इतका शिस्तीत गिरवत नाही. शोधत बसले आणि रात्रीचे दोन वाजले, कारण ते निघाले बोटींच्या पंख्याचे ओरखडे.

म्हणजे कसं करतात बघा. उथळ रीफवर होडी न्यायची, लांब दोरीने बांधून ठेवायची आणि इंजिन चालू करायचं. होडी दोरीच्या टोकाला गोल फिरत राहते आणि खाली पंख्याची पाती प्रवाळ कापत जातात, पार चुरा होईपर्यंत. पाणी गढूळ, कडेला चुऱ्याचा ढीग. मग थोडं निवळलं की माणसं उतरतात आणि त्या चुऱ्यातून शिंपले उपसून काढतात. साधे शिंपले नाहीत हे, जायंट क्लॅम, महाकाय शिंपला, सव्वा मीटरपर्यंत वाढतो, वजन दोनशे किलोच्या वर जाऊ शकतं आणि आयुष्य माणसाएवढं किंवा त्याहून जास्त. नुसते जिवंतच नाही, कधीचे मेलेले आणि रीफमध्ये रुतून बसलेले जुने शिंपलेसुद्धा काढतात, त्यासाठीच तर एवढं खोल खणायचं, कारण मांसापेक्षा किंमत आहे ती कवचाला.

कवच कशाला तर कोरीवकामाला. चीनच्या हायनान बेटावर तानमेन नावाचं मासेमारी बंदर आहे, तिथे या पांढऱ्या कवचाच्या मूर्ती, माळा, बांगड्या, नक्षीकाम असा मोठा धंदा उभा राहिला, हस्तिदंताला पर्याय म्हणून माल खपायचा. दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात हे शिंपले १९८० च्या दशकापासून आहेत, पण बोटी राजरोस जात होत्या आणि विशेषतः २०१२ नंतर हे प्रकरण फारच वाढलं. २०१२ का, तर त्याच वर्षी स्कारबरोवर चीन आणि फिलिपिन्सची जहाजं समोरासमोर उभी राहिली, शेवटी फिलिपिन्सची निघून गेली आणि तेव्हापासून ताबा चीनचा. म्हणजे पोलीस चीनचे आणि शिंपले काढणारेही चीनचे. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे. पुढे २०१७ पासून हायनानने या व्यापारावर बंदी घातली, पण २०१८ च्या शेवटाला सॅटेलाइटमध्ये बोटी परत दिसल्याच.

मला या शिंपल्याबद्दलची एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तो एकदा मोठा झाला की जागचा हलत नाही. पिल्लं व्हायची तर अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडायच्या आणि शेजारच्या शिंपल्याने सोडलेल्यांना त्या पाण्यातच भेटायच्या. शेजारी फार लांब असेल तर भेट होतच नाही. त्यामुळे दहातले आठ काढून नेले आणि दोन राहिले तर आपण म्हणू चला दोन तरी वाचले, पण ते दोन एकमेकांपासून लांब पडले असतील तर ते नुसते जगत राहतात, वंश काही पुढे जात नाही. जिवंत आहेत म्हणून मोजणीत येतात पण तसे संपलेलेच.

आता थोडं भांडणाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा समुद्र म्हणजे अस्सल भाऊबंदकी आहे. चीन, तैवान, व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया, ब्रुनेई, सगळ्यांचे दावे एकमेकांवर चढलेले, एकाच रीफला चार चार नावं, समुद्राचा सातबारा प्रत्येकाने आपापल्या घरी छापलेला. चीनची ती नकाशावरची नऊ तुकड्यांची रेघ तर जवळजवळ सगळाच समुद्र पोटात घेते. फिलिपिन्सने २०१३ मध्ये लवादाकडे केस टाकली, १२ जुलै २०१६ ला हेगमध्ये निकाल आला. बातम्यांमध्ये सगळीकडे एकच आलं, की रेघेच्या आतल्या साधनसंपत्तीवर ऐतिहासिक हक्क सांगायला कायद्याचा आधार नाही. पण त्या जाडजूड निकालात प्रवाळांवर आणि शिंपल्यांवर मोठा भाग आहे, त्याबद्दल कुणी फारसं बोललंच नाही. समुद्र कायद्याच्या करारातलं १९२ वं कलम एका ओळीचं आहे, सगळ्या देशांवर समुद्री पर्यावरण जपण्याचं बंधन आहे, बस. लवादाने सांगितलं की जागा कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे बंधन लागू होतंच, आणि बेटं बांधून आणि शिंपलेवाल्या बोटींकडे काणाडोळा करून चीनने ते मोडलं. चीनने सुनावणीत भागच घेतला नव्हता आणि निकालही मानला नाही, पण मुद्दा मला फार आवडला, की मालक ठरेपर्यंत मारायला मोकळीक नाही.

त्याच निकालात अजून एक गोष्ट आहे. स्कारबरोवर फिलिपिनो, चिनी आणि इतरही ठिकाणचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आले, त्यामुळे तो पारंपरिक हक्क सगळ्यांचाच, एकाने दुसऱ्याला अडवायचं नाही, असं लवाद म्हणाला. मालकी कुणाची हे मुद्दाम ठरवलं नाही, त्यांच्या अधिकारातच ते नव्हतं. म्हणजे कागदावर का होईना सामाईक हक्क लिहिला गेला, आणि तरी आज तिथे छोट्या होडीने जाणाऱ्या फिलिपिनो माणसावर पाण्याचा मारा होतो.

बेटं बांधणं हे आणखी वेगळं प्रकरण. २०१३ च्या शेवटापासून साधारण दोन वर्षांत चीनने याच समुद्रातल्या स्प्रॅटली या बेटांच्या आणि रीफच्या समूहातल्या सात रीफवर ३,२०० एकर जमीन उभी केली, मिसचीफ, सुबी, फायरी क्रॉस वगैरे, या तिन्हींवर आता धावपट्ट्या आहेत. वाळू लांबून आणायची गरजच नव्हती. मोठाले कटर ड्रेजर येतात, पुढे फिरणारा दात्यांचा गोळा असतो तो रीफचा खडक आणि लगूनचा तळ फोडतो, मागून पंप तो लगदा ओढून पाईपाने रीफच्या सपाट भागावर ओततो. म्हणजे रीफ फोडायची आणि तिच्याच अंगावर टाकायची. जे खाली गाडलं गेलं ते तर गेलंच, पण बारीक गाळाचा ढग किती तरी लांब पसरतो आणि प्रवाळांवर बसतो. प्रवाळाच्या ऊतींमध्ये शेवाळपेशी राहतात, त्या उन्हावर अन्न बनवून त्याला देतात, त्यामुळे गाळ बसला की ऊन बंद आणि ऊन बंद म्हणजे उपास. ठोकळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. आता हिशोब तुम्हीच करा.

यावर चीनचं त्या वेळचं स्पष्टीकरण ऐकून मी खरंच हसले होते, की आम्ही निसर्गाचीच नक्कल केली, वादळात जशी प्रवाळांची वाळू रीफवर येऊन साठते तशीच आम्ही साठवली, पर्यावरणाला काही होणार नाही. वादळाला धावपट्टीची गरज पडत नाही एवढाच काय तो फरक.

पण इथे थांबले तर ही एका देशाला शिव्या घालायची पोस्ट होईल आणि मला ती करायची नाहीये, कारण म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो आणि इथे काळ भलताच सोकावलाय. व्हिएतनामने २०२१ पासून असाच भराव टाकायला सुरुवात केली, आधी छोट्या यंत्रांनी आणि मग तेच कटर ड्रेजर, सगळ्यात मोठं काम बार्क कॅनडा रीफवर, आणि २०२४ पर्यंत त्यांनी स्प्रॅटलीत तयार केलेली जमीन चीनच्या निम्म्यापर्यंत जाऊन पोचली. त्यांचा युक्तिवादही समजतो, शेजाऱ्याने किल्ला बांधला तर आपण तंबूत किती दिवस बसायचं. सुरुंग लावून मासे मारणं, सायनाइड टाकून मासे गुंगवून जिवंत धरणं, हे तर या भागातल्या बऱ्याच देशांच्या कोळ्यांनी वर्षानुवर्षं केलंय, त्यात फिलिपिन्सही आलं. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या संस्थेचा सॅटेलाइटवर नजर ठेवणारा एक प्रकल्प आहे, त्यांनी २०२३ च्या शेवटी सगळ्यांचा मिळून हिशोब मांडला तर भराव आणि खोदकामात साधारण ६,२०० एकर रीफ गेली आणि शिंपल्यांसाठी पंखे फिरवून १६,००० एकरांवर खराब झाली. मला हा आकडा उलटा असेल असं वाटलेलं. ज्या धावपट्ट्यांचे फोटो जगभर फिरले त्यांच्या अडीच पट नुकसान बांगड्या आणि मूर्तींसाठी झालंय.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. गेल्या काही वर्षांत एक नवीनच गोष्ट सुरू झालीय, प्रवाळांबद्दल सगळ्यांना अचानक प्रेम आलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाने रोझुल रीफ आणि सबीना शोलचे पाण्याखालचे व्हिडिओ काढले, सगळं करडं, चुरा झालेलं, मासा दिसत नाही, आणि आरोपाचं बोट चीनच्या जहाजांच्या गर्दीकडे. चीनने सगळं नाकारलं. मग जुलै २०२४ मध्ये चीनकडून उलट रिपोर्ट आला, की सेकंड थॉमस शोलवर प्रवाळ मरतायत आणि कारण काय तर फिलिपिन्सचं ते गंजकं जहाज, सिएरा माद्रे, जे त्यांनी १९९९ मध्ये मुद्दाम रीफवर चढवून ठेवलंय आणि त्यात आजही सैनिक राहतात. त्याच सुमाराला स्कारबरोवरही एक रिपोर्ट, तिथे म्हणे सगळं उत्तम, निरोगी. म्हणजे जी रीफ आमच्या ताब्यात ती ठणठणीत आणि जिथे तुमचं जहाज ती मरणासन्न. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ते हेच.

आणि गंमत अशी की दोन्हीकडचं थोडं थोडं खरं असू शकतं ना. गंजणारं लोखंडी जहाज रीफवर पडून असेल तर त्याने रीफला काही होत नाही असं कोण म्हणेल, आणि शंभर जहाजं नांगर टाकून बसली तर तेही तसंच. फिलिपिन्सने त्या वेळी मागणी केली की मग तिसऱ्या, स्वतंत्र लोकांकडून तपासणी करूया. ते घोंगडं भिजतच पडलंय. प्रवाळांना वकील भरपूर मिळालेत, नाडी बघायला कोणी नाही.

नाडी बघणं म्हणजे काही फार मोठं रॉकेट सायन्स नाहीये हो. रीफची तब्येत बघायची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे एक मोजपट्टी. खरंच, कापडी टेप असते तशी लांब टेप. पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर अंथरायची आणि डायव्हरने तिच्यावरून हळूहळू पोहत जाऊन ठरावीक अंतरावर टेपखाली काय आहे ते पाटीवर लिहायचं, जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शेवाळ, वाळू, चुरा. सोबतचा माणूस मासे मोजतो. कंटाळवाणं काम. पण त्याची सगळी जादू एकाच गोष्टीत आहे, पुढच्या वर्षी त्याच जागी तीच टेप परत अंथरायची, आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत. एकदाच मोजून काही कळत नाही, मागच्या वर्षी किती होतं हे माहीत नसेल तर आजचे तीस टक्के चांगले की वाईट, कोणास ठाऊक. आणि वादाच्या पाण्यात नेमकं तेच जमत नाही, एकाच जागी परत परत जाणं.

मार्च २०२४ ची गोष्ट आहे. स्प्रॅटलीतल्या, फिलिपिन्सच्या ताब्यातल्या पाग-आसा बेटाजवळ सँडी के म्हणून छोटे छोटे वाळूचे ढिगारे आहेत, तिथे फिलिपिन्सचे संशोधक प्रवाळ आणि वाळू तपासायला उतरले होते. वरून चिनी हेलिकॉप्टर आलं आणि इतकं खाली येऊन घिरट्या घालायला लागलं की पंख्याच्या वाऱ्याने सगळी वाळू आणि खडे उडाले, काही जणांना लागलंही. चीन म्हणतो ते बेकायदा उतरले होते. मला आपलं राहून राहून ते चित्र दिसतं, लोक डोळ्यांवर हात धरून खाली बसलेत आणि त्यांच्या हातातली ती टेप.

याउलट एक उदाहरण सांगते, त्याच समुद्राच्या उत्तरेचं. डोंगशा नावाचं कंकणाकृती बेट तैवानच्या ताब्यात आहे, दावा तिथेही चीनचा आहेच, पण निदान तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि संशोधक नियमित जाऊ शकतात. २०१५ च्या उन्हाळ्यात त्या भागात समुद्र साधारण २ अंशांनी तापला होता. त्याच वेळी काही आठवडे वारा पडला, उथळ रीफवरचं पाणी हलेना आणि तिथे तापमान नेहमीपेक्षा ६ अंशांनी चढलं. सुमारे ४० टक्के प्रवाळ मेलं. हे आपल्याला कळलं कारण तिथे माणसं होती, थर्मामीटर होते. मोकळ्या समुद्राची सरासरी बघितली असती तर २ अंश दिसले असते आणि बाकीच्या ४ अंशांचा पत्ताच लागला नसता. स्प्रॅटलीत त्या वर्षी ड्रेजर चालू होते. तिथे काही मेलं असेल तर ते गाळाने, पंख्याने की तापून, हे आता कोण आणि कसं वेगळं करून दाखवणार?

आणि हीच तर सगळ्यांची सोय आहे. कारण माहीत नसलं की प्रत्येकाला आपलं कारण सांगता येतं.

बरं, हे सगळं का महत्त्वाचं, तर नुसतं सुंदर आहे म्हणून नाही. या समुद्रात रीफ बांधणाऱ्या प्रवाळांच्या ५७१ जाती नोंदल्या आहेत, आणि जगात जेवढे मासे धरले जातात त्यातले अंदाजे १२ टक्के इथून येतात. मासे आधीच फार कमी झालेत. मायामी विद्यापीठाचे जॉन मॅकमॅनस कितीतरी वर्षांपासून सांगतायत की स्प्रॅटली म्हणजे आजूबाजूच्या किनाऱ्यांसाठी पाळणाघर असण्याची शक्यता आहे. माशांची आणि प्रवाळांची पिल्लं तांदळाच्या दाण्याहून लहान असतात, काही दिवस ते काही आठवडे पाण्याबरोबर वाहत जातात, आणि इथले प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतात, अर्धं वर्ष इकडे अर्धं वर्ष तिकडे. म्हणजे व्हिएतनामने गाडलेल्या रीफवरचा मासा पुढे फिलिपिन्सच्या पालावान बेटावरच्या कोळ्याच्या जाळ्यात जाणारा असू शकतो, आणि चिनी बोटीने खरवडलेल्या रीफचं नुकसान चीनच्याच कोळ्याला भोगावं लागू शकतं. भावाच्या विहिरीत विष टाकताना झरा एकच आहे हे विसरलं की असं होतं. मॅकमॅनस यांनी १९९० च्या दशकातच सुचवलं होतं की इथे शांतता उद्यान करा, दावे आहेत तसे गोठवून ठेवा, कुणी सोडू नका आणि कुणी वाढवू नका. हवेतली कल्पना वाटते पण अंटार्क्टिकावर १९५९ च्या करारात हेच केलंय, दावे गोठवले आणि कामाला लागले. अर्थात तिथे मासे धरणारी लाखो माणसं नव्हती आणि जवळून जहाजांचा हमरस्ताही जात नव्हता, हे मलाही कळतं.

मला स्वतःला एवढ्या मोठ्या उद्यानाची आशा नाही. मला टेपची आशा आहे. कारण टेप एकदा अंथरून झालेली आहे! फिलिपिन्स आणि व्हिएतनाम, दोघांचेही स्प्रॅटलीवर दावे, पण १९९६ ते २००७ मध्ये त्यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून चार मोहिमा काढल्या, एकाच जहाजावर, एकच नमुने, एकच वही. मालकी कुणाची हा विषय काढायचा नाही एवढीच अट. चौथी मोहीम २००७ ला झाली आणि गाडी थांबली. मधल्या काळात, २००५ मध्ये, चीन, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम अशा तिघांच्या तेल कंपन्यांनीही एकत्र समुद्रतळ तपासायचा करार केला होता, पण त्यावरून मनिलामध्ये एवढा गदारोळ झाला, देश विकला वगैरे, की तो २००८ ला संपला तो संपलाच आणि २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. तेलाच्या त्या प्रकारानंतर एकत्र हा शब्दच बदनाम झाला. माझं म्हणणं एवढंच की तेल शोधणं आणि मेलेलं प्रवाळ मोजणं या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका, दुसऱ्यात कुणाला काही मिळत नाही म्हणून तर ती सुरू करायला सोपी. समुद्र कायद्याच्या १२३ व्या कलमात अशा चहूबाजूंनी वेढलेल्या समुद्राकाठच्या देशांनी एकत्र संशोधन करावं असं लिहिलंय आणि २००२ च्या आसियान-चीन जाहीरनाम्यातही तेच लिहिलंय. तैवान सोडला तर सह्या सगळ्यांच्या आहेत.

ही पोस्ट इथेच संपवणार होते पण सप्टेंबर २०२५ चं राहिलं. चीनने स्कारबरोवर राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य जाहीर केलंय. हो, त्याच स्कारबरोवर. फिलिपिन्सने निषेध नोंदवला, त्यांचं म्हणणं हे सगळं ताबा पक्का करण्यासाठी. आता खरं तर प्रवाळांना अभयारण्य मिळालं तर मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही असता, पण त्यात ज्याचा पारंपरिक हक्क लवादाने लिहून दिला त्या होडीवाल्याला जागा नाही आणि बाहेरच्या डायव्हरलाही नाही. क्षेत्रफळ दिलंय ३,५२३.६७ हेक्टर. दोन दशांश स्थळांपर्यंत मोजलंय. मी परत तो त्रिकोण उघडून बसले, झूम केलं, कमानी तशाच आहेत, आणि त्यांच्यात किती शिंपले उरलेत आणि ते एकमेकांपासून किती लांब आहेत, हा आकडा त्या घोषणेत कुठेच नाही.